तळाला राहिलेले दोन थेंब

आपल्या मुलीच्या, अपेक्षाच्या, लेकीचं नामकरण आटोपून मुक्ताई पाचव्या दिवशी कामावर आली, ते २०२२ साल होतं. तिने नळ सोडला आणि प्रयोगाची पहिली काचनळी पाण्याखाली धरली, तेवढ्यात प्रयोगशाळेचे आमोद सर धुलाईच्या खोलीत आले. त्यांनी तिच्यासमोर एक कागद धरला.

"मुक्ताबाई, इथे सही करा."

तिने नळ बंद केला. नळी स्टँडवर उपडी घातली, पदराला हात पुसले आणि कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला. कागद ओट्याच्या कोरड्या कडेला ठेवून तिने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"वाचण्यासारखं काही नाही हो त्यात," सर म्हणाले. "नेहमीचंच आहे."

"वाचून घेते, सर. मला वेळ लागतो."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. या संशोधन संस्थेत मुक्ताईने सतरा वर्षं अंगठा दिला होता. तेव्हा कुणाचाच वेळ जात नसे. मग दांडेकर पुलाजवळच्या तिच्या वस्तीत, विहारात, बायकांचा वर्ग सुरू झाला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती अक्षरं शिकली. त्याला आता तेरा वर्षं झाली होती. वाचताना तिचे ओठ अजूनही हलायचे.

कागदावर चारच ओळी होत्या. कंत्राटी कामगार संपत याने काचेची भांडी नीट न धुतल्यामुळे आठ तारखेपासूनच्या तिन्ही प्रयोगांतले नमुने दूषित झाले, सबब ते निकाल रद्द समजावेत. खाली तिचं नाव होतं आणि नावापुढे 'धुलाई विभाग प्रमुख'. तीस वर्षांत तिला कुणी प्रमुख म्हटलं नव्हतं.

"मी तर इथं नव्हतेच," ती म्हणाली. "त्यानं नीट धुतलं की नाही, हे मी कसं लिहून देऊ?"

"निकाल सांगतायत ना."

संपत कोपऱ्यात उभा होता. चाळिशीचा, यवतमाळकडून पोटासाठी आलेला माणूस. मुक्ताईच्या या रजेत धुलाई पहिल्यांदाच त्याच्याकडे आली होती. तो हातातलं फडकं पिळत होता. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"म्या भिंतीवरच्या कागदात होतं तसंच धुतलं, मावशी," तो म्हणाला.

"तुला कुणी विचारलंय का?" सर आवाज न चढवता म्हणाले.

मुक्ताईने कागदाची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

"उद्या देते."

"सहीला मुहूर्त लागतो का, बाई?"

"मुहूर्त आमच्यात पाळत नाहीत, सर. पण आज नाही देत."

सर दारातच क्षणभर थांबले. मग गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिना चढून जाईपर्यंत संपतने फडकं सोडलं नाही.

वर प्रयोगशाळेत उत्कर्षा खिडकीशी बसली होती. तिच्यापुढे नळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि दोन्ही रांगा निळ्या होत्या. ती अकोल्याची मुलगी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून चार वर्षं याच नळ्यांशी झटत होती. ऑक्टोबरात तिला प्रबंध द्यायचा होता.

त्या रांगा मुक्ताईच्या ओळखीच्या होत्या. रोज संध्याकाळी त्या तिच्याकडेच धुवायला येत. दोन्ही रांगांत पाण्यात विरघळवलेलं एन्झाइम असायचं, शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. पिष्ट पचवणारं, आपल्या थुंकीत असतं तेच. दुसऱ्या रांगेत त्याशिवाय मावळातल्या एका वेलीच्या मुळीचा अर्क असायचा, तोही अगदी थेंबभर. दोन्ही रांगा तळघरातल्या शिशाच्या जाड पिंपात उतरवून त्यांच्यावर किरण सोडायचे. मग प्रत्येक नळीत पिष्टाची पातळ पेज घालायची आणि वरून आयोडिन. एन्झाइम जिवंत असेल तर ते पेज खाऊन टाकतं आणि रंग येत नाही. मेलं असेल तर पेज तशीच राहते आणि नळी निळी होते.

चार वर्षं साध्या रांगेतल्या नळ्या निळ्या व्हायच्या आणि मुळीच्या रांगेतल्या नितळ राहायच्या. परदेशातल्या मासिकानं लिहिलं होतं, एवढ्याशा अर्कानं एवढं रक्षण आश्चर्यकारक आहे, पुन्हा करून दाखवा. एका औषध कंपनीचे दोघे जण येऊन चहा घेऊन गेले होते. कॅन्सरवर किरणांचा शेक घेणाऱ्या रोग्यांसाठी सरांच्या मुळीचं सिरप निघणार होतं. आणि नेमकं पुन्हा करून दाखवायच्या वेळी, मुक्ताई नातीच्या नामकरणाला गेली असताना, मुळीच्या नळ्याही निळ्या झाल्या. लागोपाठ तीनदा.

"मुळी जुनी झाली असेल," मुक्ताई म्हणाली.

"नवी आणली, मावशी. परवा ताजी खणून आणली." उत्कर्षाने डोळे चोळले. "सर म्हणतात नळ्या घाण होत्या. पण घाण असती तर..."

तिने वही मिटली.

"घाण असती तर काय?"

"काही नाही. तुम्ही चहा घ्या."

मुक्ताईने चहा घेतला नाही. ती खाली आली. संपत साबणाच्या पाण्यात हात घालून उभा होता.

"कसं धुतलंस ते दाखव मला. पहिल्यापासून."

संपतने भिंतीवरच्या कागदाकडे बघत एकेक करून दाखवलं. साबण आणि ब्रश. नळाचं पाणी, पाच वेळा. डिस्टिल्ड पाणी, तीन वेळा. मग ओव्हन. तो कागद मागच्या वर्षी मुक्ताईनेच सांगितला होता आणि उत्कर्षाने लिहून घेतला होता. संपतचं काही चुकत नव्हतं. उलट तो तिच्यापेक्षा सावकाश धुवायचा.

"आणि मुळीच्या नळ्या? त्यांच्या तळाला तपकिरी कडं बसतं, ते?"

"ते ब्रशानं घासून काढलं. लई वेळ लागला. पण निघालं."

"स्पिरिट नाही वापरलंस?"

"कागदावर कुठाय स्पिरिट?"

मुक्ताई कागदापाशी गेली. बोट फिरवत तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. स्पिरिट नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं. उत्कर्षाने विचारलं होतं, धुता कसं? आणि तिने धुणं सांगितलं होतं. डाग काढणं हे धुण्यात येतं, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. साडीवर हळद सांडली तर माणूस डाग काढतो, ते काही धुणं नव्हे.

मुळीचं कडं साबणाने सहज निघायचं नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच तिने स्वतःच्या डोक्याने एक सोय केली होती. मुळीच्या नळ्या सगळ्यांत शेवटी स्पिरिटने विसळायच्या. आणि स्पिरिट लागलेली वस्तू ओव्हनमध्ये ठेवायची नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. म्हणून त्या नळ्या दोनदा झटकायच्या आणि धूळ जाऊ नये म्हणून लगेच बूच लावून ठेवायच्या. तळाला दोन थेंब राहायचे. मुळीचा वास इतका उग्र होता की स्पिरिटचा वास वर कुणाला आलाच नसेल.

ती स्टुलावर बसली.

मागे एकदा दुपारच्या चहाला उत्कर्षाने तिला हे सगळं समजावून सांगितलं होतं. किरण एन्झाइमला क्वचितच लागतो, मावशी. एवढ्या पाण्यात एन्झाइम असतं कितीसं? किरण लागतो तो पाण्याला. पाण्याचेच तुकडे होतात आणि ते तुकडे मोकाट सुटतात. जे पहिलं सापडेल त्याला चावतात. कोरडं एन्झाइम असेल तर तेवढ्याच किरणांनी त्याला फारसं काही होत नाही. मारतं ते पाणी.

तेव्हा मुक्ताईने विचारलं होतं, "म्हणजे गल्लीत पिसाळलेली कुत्री सोडल्यासारखं?"

"अगदी तसंच!"

"मग त्यांना भाकर टाकली तर?"

"तर ती भाकरीला चावतील आणि पोरं वाचतील. आपली मुळी म्हणजे ती भाकर."

त्या दिवशी दोघी खूप हसल्या होत्या. आता मुक्ताई मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. नळ्या घाण असत्या तर ती घाणही भाकरच झाली असती, नळ्या नितळ राहिल्या असत्या.

"काय झालं, मावशी?" संपतने विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "तुझं नाही चुकलं."

घरी तिचा नवरा महिपती दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. घशाच्या गाठीसाठी त्याला तेहतीस शेक सांगितले होते, त्यांतले बावीस झाले होते. रोज सकाळी सुदर्शन, त्यांचा मुलगा, त्याला रिक्षाने दवाखान्यात नेऊन आणायचा. तीस वर्षं महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉलमनचं काम केलेला माणूस. कुठल्या पेठेचं पाणी किती वाजता सोडायचं, हे अजून झोपेत सांगायचा.

"अगं, आज स्वारगेटला एवढी गर्दी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सुदर्शन म्हणतो, बाबा, डोळे मिटून बसा. म्हटलं, डोळ्यांना काय झालंय? गळ्याला झालंय."

"बोलू नका फार."

"बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग गळा ठेवलाय कशाला?"

तिने भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ताटली सरकवली.

"कोरडी दे."

"टोचेल."

"टोचू दे. शेकाला भिऊन मी दूधभात खायचा का?"

त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला. चावता चावता डोळ्यांत पाणी आलं, पण तो थांबला नाही. तोंडात थुंकी उरली नव्हती. पूर्वी तो लहान अपेक्षाला सांगायचा, भाकर बत्तीसदा चावली की गुळासारखी गोड लागते, करून बघ. पोर मोजत बसायची.

"गोड लागते का?" मुक्ताईने विचारलं.

"मातीसारखी लागते," तो म्हणाला. "पण खातोय."

फळीवर मुळीच्या अर्काची बाटली होती. पहिल्या शेकाच्या आदल्या दिवशी मुक्ताई स्वतः आमोद सरांच्या खोलीत गेली होती. तीस वर्षांत तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. सरांनी एका शब्दानेही अडवलं नाही. कपाट उघडून स्वतःच्या हाताने बाटली भरून दिली, सकाळ-संध्याकाळ एक चमचा द्या म्हणाले, आणि जाताना विचारलं, मालकांचं नाव काय? दवाखान्यातल्या डॉक्टरला घरातल्या कुणी ते सांगितलं नव्हतं. मुक्ताईला खात्री होती. ती कुणाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवणारी बाई नव्हती. चार वर्षं तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्या नितळ नळ्या पाहिल्या होत्या, स्वतःच्या हातांनी धुतल्या होत्या.

तिने चमचा भरला. भरलेला चमचा हातात धरून ती उभीच राहिली.

"दे की," महिपती म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

तिने दिला.

"कशाचा विचार करतेस? साहेब काही बोलला का?"

"एका कागदावर सही मागतायत."

"काय लिहिलंय?"

"खोटं लिहिलंय."

महिपतीने तोंड पुसलं. "मग त्यात विचार कसला?"

"खरं लिहिलं तर माझंच नाव येतं त्यात. आणखीही बरंच जातं."

काय जातं, ते त्याने विचारलं नाही.

"पेठेत पाणी आलं नाही की लोक मला शिव्या द्यायचे," तो म्हणाला. "साहेब म्हणायचा, सांग, वरूनच आलं नाही. मी सांगायचो, वॉल मी बंद केलाय, शिव्या मलाच द्या. एकदा खोटं सांगितलं असतं, तर पुढं खरं पाणी सोडलं तरी कुणी भांडं लावलं नसतं."

"बोलू नका म्हटलं ना."

"आता गप्प."

दुसऱ्या दिवशी मुक्ताई अर्धा तास लवकर गेली. उत्कर्षा यायच्या आत तिने ओट्यावर नळ्यांचे चार गट मांडले होते आणि प्रत्येक गटापुढे स्वतःच्या मोठ्या गोल अक्षरांत चिठ्ठी ठेवली होती. साधी. साधी, स्पिरिट. मुळी. मुळी, स्पिरिट.

उत्कर्षाने चिठ्ठ्या वाचल्या. खांद्यावरची बॅग तिने काढली नाही.

"हे काय आहे, मावशी?"

मुक्ताईने सांगितलं. तपकिरी कडं, शेवटची विसळणी, ओव्हन, बूच, तळाचे दोन थेंब. सांगायला तिला फार वेळ लागला नाही.

"दर वेळी?"

"दर वेळी. चार वर्षं."

"फक्त मुळीच्याच नळ्या?"

"साध्यांना डाग पडतच नव्हता."

उत्कर्षा स्टुलावर बसली. बॅग अजून खांद्यावरच होती.

"स्पिरिटला ते तुकडे आधी चावतात," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. थोडंसं स्पिरिट असलं तरी... मला कळायला हवं होतं. एवढ्याशा मुळीनं एवढं होतच नव्हतं." मग तिने वर पाहिलं. "तुम्हाला कळतंय का, मावशी, हे करून बघितलं तर काय होईल? माझी चार वर्षं. घरी लग्नाचं थांबवून ठेवलंय मी ऑक्टोबरपर्यंत. बाबांनी... जाऊ दे. आणि संपतदादांचं काय, त्यांना दुसरीकडे कुठे लावता येईल. मी स्वतः सरांशी बोलते."

"दुसरीकडं का लावायचं? त्यानं नीट धुतलं."

"तुमची दोन वर्षं राहिलीत. कशाला ओढवून घेता?"

मुक्ताईने 'साधी, स्पिरिट' लिहिलेल्या गटातली एक नळी उचलली, उजेडाकडे धरली आणि पुन्हा ठेवली.

"माझ्या घरी फळीवर बाटली आहे, उत्कर्षा," ती म्हणाली. "सकाळी चमचा भरून देऊन आले. बावीस शेक झालेत. मला बघायचंय, मी काय देते ते."

उत्कर्षाने हळूच बॅग खाली ठेवली.

तळघरात शिशाचं पिंप घुमत होतं. नळ्यांची जाळी खाली गेली, झाकण बसलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. उत्कर्षा नखं खात होती. मुक्ताईने तिचा हात धरून खाली ठेवला, तसा तिने दुसरा हात तोंडाशी नेला.

"लहानपणी मार खाल्ला नाहीस वाटतं यासाठी."

"खाल्ला ना. आई मिरची लावायची बोटांना."

"मग?"

"मग मला मिरची आवडायला लागली."

वर आल्यावर उत्कर्षाने पेज घातली आणि ठरलेला वेळ मोजला. आयोडिनचा ड्रॉपर तिने भरला. मग तो मुक्ताईकडे दिला. तीस वर्षांत मुक्ताईने नळ्या फक्त धुतल्या होत्या. तिने एकेका नळीत एकेक थेंब टाकला.

साधी नळी निळी झाली. मुळीची नळी निळी झाली. मुळी आणि स्पिरिटची नळी नितळ राहिली. आणि ज्या नळीत मुळीचा कणही नव्हता, नुसते तळाचे दोन थेंब होते, तीही तितकीच नितळ राहिली.

उत्कर्षाने वही ओढली आणि लिहायला लागली. लिहिताना वहीवर एक थेंब पडला, तो तिने बाहीने टिपला आणि पुढची ओळ लिहिली.

आमोद सर बाराच्या सुमारास आले. त्यांनी आधी नळ्या पाहिल्या, मग चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर कुणाचं ते त्यांना लगेच कळलं.

"स्पिरिटनं विसळायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही, सर."

"मग हा उद्योग कुणाच्या परवानगीनं केला?"

"डाग निघत नव्हता. तुम्हाला नळ्या लखलखीत लागतात."

सर खुर्चीवर बसले. बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. साठीला आलेला तो माणूस पंधरा वर्षं त्या वेलीच्या मागे मावळात फिरला होता. एकदा पाय घसरून घोटाही मोडून घेतला होता. मुक्ताईला ते ठाऊक होतं. तिने तेव्हा त्यांच्यासाठी डब्यातून पाया सूप आणलं होतं आणि त्यांनी, घरी सांगू नका म्हणत, ते प्यायलं होतं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "कागद बदलू. संपतचं नाव काढू. मुक्ताबाईंनी परवानगीशिवाय स्पिरिट वापरल्यामुळे निकाल दूषित झाले, असं लिहू. मग सगळं पुन्हा सुरू करता येईल. मुळीत गुण आहे, बाई. थोडं प्रमाण वाढवलं की दिसेल. तोवर कंपनीला कळवायची काही घाई नाही."

"सर, स्पिरिटशिवाय मुळी..." उत्कर्षा म्हणाली.

"तू थांब."

"पेन दे, उत्कर्षा," मुक्ताई म्हणाली.

तिने पिशवीतून कालचा कागद काढला आणि उलटी बाजू वर केली. उत्कर्षाचं पेन घेतलं, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच टेबलावर वाकून लिहायला लागली. खोलीत फक्त पेनाचा आवाज येत होता. काना देताना ती जोर द्यायची, त्याचा. सर थांबले. वाट बघण्याखेरीज त्यांना दुसरं काही करता आलं नाही.

लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं.

"मी, मुक्ताई महिपती, चार वर्षं मुळीच्या नळ्या स्पिरिटनं विसळल्या. साध्या नळ्या विसळल्या नाहीत. ही चूक माझी. चार वर्षांत मला कुणी विचारलं नाही की तू नळ्या कशा धुतेस. ही चूक माझी नाही. संपतनं नळ्या बरोबर धुतल्या. त्याचे तिन्ही निकाल खरे आहेत."

तिने खाली सही केली आणि कागद सरांपुढे ठेवला.

"शेवटची ओळ खोडा," सर म्हणाले.

"नाही खोडत."

"मुक्ताबाई, तुम्हाला कळत नाही तुम्ही काय बोलताय. मी तुमच्या मालकांसाठी बाटली दिली. एक पैसा घेतला नाही."

"दिलीत. उपकार आहेत तुमचे, आणि मी ते विसरणार नाही." तिचा आवाज चढला नाही. "म्हणूनच सांगते, सर. माझ्यासारख्या बायका फळीवर बाटली ठेवतील आणि चमचा भरून देतील. त्यांनी नळ्या बघितलेल्या नसतील. त्या तुमच्या शब्दावर देतील. माझ्या घरातली एक बाटली झाली तेवढी पुरे."

"कामावरून काढावं लागेल मला तुम्हाला."

"काढा. नळ्या मात्र संपतकडंच द्या. त्याला धुता येतात."

सर उठले. कागद त्यांनी घेतला नाही आणि फाडलाही नाही. दारापाशी जाऊन ते वळले आणि त्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. ती वहीत लिहीत होती. तिने मान वर केली नाही. ते गेले.

बऱ्याच वेळाने उत्कर्षा उठली. ती खाली धुलाईच्या खोलीत गेली, भिंतीवरचा कागद चिकटपट्टीसकट उचकटून आणला आणि त्याची कोरी बाजू वर केली. तिचे डोळे सुजले होते.

"सांगा, मावशी. पहिल्यापासून. काही गाळू नका."

"तुझा ऑक्टोबर?"

"सांगा हो तुम्ही."

मुक्ताई सांगत गेली. ब्रश कुठला आणि किती जुना झाला की टाकायचा. साबण किती चिमटी. नळाचं पाणी गढूळ आलं की बादली भरून तासभर निवळू द्यायची. बूच कशात उकळायचं. झटकायचं दोनदा, उजव्या हाताने. उत्कर्षा लिहीत गेली. एक पान भरलं, दुसरं भरलं. दारात संपत येऊन उभा राहिला आणि तोही ऐकत राहिला.

संध्याकाळी मुक्ताई घरी आली तेव्हा महिपती ताटलीत कोरड्या भाकरीचे तुकडे मांडून बसला होता. ती चप्पल काढून थेट फळीपाशी गेली. बाटलीत चार बोटं अर्क उरला होता.

"सही केली," ती म्हणाली. "खरं लिहून केली."

"शाब्बास."

"या मुळीत काही नाही. मी उगाच पाजत होते तुम्हाला. नळ्या वाचत होत्या त्या माझ्या स्पिरिटनं." तिने त्याला सगळं सांगितलं. पाणी, मोकाट कुत्री, भाकर.

महिपतीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मारतं ते पाणीच," तो म्हणाला. "तीस वर्षं सोडलं मी लोकांना." आणि त्याला हसू आलं. हसल्यावर ठसका लागला. ठसका जाईपर्यंत तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बाटली देऊ का टाकून?"

"टाक. कडू तेवढी कळत होती मला, दुसरं काही कळत नाही. पण टाक." त्याने ताटलीतला तुकडा उचलला. "शेक दहा राहिले. ते माझे मी घेईन, कुबड्या नकोत."

तिने अर्क मोरीत ओतला. बाटली साबणाने घासली, पाण्याने पाच वेळा विसळली आणि उपडी घातली. तळाला तपकिरी कडं राहिलं होतं. घरात स्पिरिट नव्हतं. ते तिने तसंच राहू दिलं.

मग ती त्याच्यासमोर येऊन बसली. तो चावत होता. गळ्याची काळी कातडी प्रत्येक घासाला वर-खाली होत होती. ती मनात मोजत होती आणि तो मोजतोय हेही तिला कळत होतं. अठ्ठावीस. एकोणतीस.

"गोड लागते का?" तिने विचारलं.

त्याने एक बोट वर केलं. थांब.

"अजून नाही," तो म्हणाला आणि चावत राहिला.

तेहतीसही शेक त्याने पुरे केले. महिपती ९ मार्च २०२३ रोजी, गुरुवारी, सकाळी पेठांना पाणी सुटायच्या वेळी वारला.